तपेलं ज्या दारात टेकलं

माझ्या लग्नाचा भात शाळेच्या तपेल्यात शिजला आणि ते तपेलं मला माझ्या चुलतबहिणीमुळं मिळालं. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे सांगणार आहे त्यात तिच्याविषयी गोड शब्द कमी सापडतील, आणि बोलण्याच्या भरात तिचे उपकार सांगायचेच राहून गेले तर, अशी मला धास्ती वाटते. धास्ती मला कशाचीही वाटते. यजमान इथं इटारसीला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये आहेत. त्यांना घरी यायला जरा उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभी राहते. दूध उतू जायच्या आधी हिचा जीव उतू जातो, असं ते म्हणतात. धास्ती अशी सगळ्यांची, पण हेवा मात्र मी एकाच माणसाचा केला. तिचा.

आमचा गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. ती माझ्या थोरल्या काकांची मुलगी. आम्ही दोघी एकाच पावसाळ्यात जन्मलो, एकाच दिवशी शाळेत बसलो, आणि तिसरी होईपर्यंत एकाच पाटीवर आलटून पालटून लिहिलं. मग आईला शेवटचं बाळंतपण बाधलं. तिचे सांधे आखडले. वडिलांनी तिला महाडजवळ सवच्या कढत पाण्याच्या झऱ्यांना नेलं, तिथं नातेवाइकांच्या ओटीवर ठेवलं, आणि तान्ह्या भावाला सांभाळायला मी घरी राहिले. आई परत येईपर्यंतच राहायचं, असं ठरलं होतं. आई परत आली, पण भिंत धरून चालणारी. तेव्हा पाणी, गुरं, पोर, चूल हे सगळं माझ्या अंगावर तसंच राहिलं. शाळा सोड असं मला कुणीच म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

आता आमची शाळा कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर माझा हेवा कुणाला कळायचा नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, पुढं लांब पडवी. एवढंच. पण सरकारकडून मास्तरांच्या पगाराशिवाय काही येत नसे, आणि शाळेला कशाची कमीही पडत नसे. ओढ्याकाठचं एक खाचर गावकीनं शाळेला दिलं होतं. त्याचा राब, रोपं काढायची जागा, गाव भाजी, नांगर गाव धरी, आणि लावणीला मुलं नि मोठी माणसं एकाच ओळीत वाकत. शाळेचं आवण, म्हणजे भाताची रोपं, मुद्दाम जास्त केलेलं असे. कुणाचं आवण कुजलं, उंदरांनी खाल्लं, तर त्यानं शाळेच्या राबातून मुठी न्याव्यात आणि बदल्यात छपराला गवताचे भारे आणून टाकावेत. पिकलेल्या भातातून दिव्याचं तेल, खडू, पाट्या. उरलेल्यातून दुपारची पेज. महाडचा शिंपी शिमग्याआधी मशीन घेऊन येई नि शाळेच्या पडवीत बसे. जागेबद्दल तो मुलांचे फाटके सदरे शिवून देई. कल्हईवाला मुसलमान चाचा तिथंच भाता लावी आणि अख्ख्या गावाच्या भांड्यांआधी शाळेची भांडी चकचकीत करी. संध्याकाळी कंदील लागला की गावकी तिथं, भांडणं तिथं, ताप उतरवायच्या गोळ्या तिथं.

म्हणजे शाळेतून उठलेल्या माणसाला शाळेशिवाय जगायची सोयच नव्हती. शाळा रोज दिसायची. मी गुरं घेऊन ओढ्यावर जायची तेव्हा पेजेचा वास यायचा. आमच्या घरीही पेजच होती, त्याच ओढ्याच्या पाण्यावर पिकलेल्या तांदळाची. पण मला ती वाटीत गार होताना दिसायची, आणि शाळेतली मात्र नेहमी वाफाळतच असणार, अशी माझी खात्री होती. आषाढात चुलतबहीण गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या पायांनी घरी यायची. चिखल माझ्याही पायांना होताच, तिच्यापेक्षा जास्तच. पण माझा घरच्या शेताचा. तिच्या पायांना शाळेचा चिखल असे, आणि तो धुताना ती हसत असे, कुणीतरी ओळीत काहीतरी बोललेलं आठवून. ते काय, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मला ते सांगितलेलं नको होतं.

त्यातच आमच्या दोन घरांच्या वाटण्या झाल्या. एका फणसावरून काका नि वडील बोलेनासे झाले आणि अंगणाच्या मधोमध कारवीची वई, म्हणजे कुंपण, उभी राहिली. आम्ही दोघी विहिरीवर बोलायचो, पण तेवढंच.

तपेल्यांची गोष्ट त्यानंतरची. एका वर्षी खाचर चांगलं पिकलं तेव्हा मास्तरांनी आणि गावकीनं मिळून महाडहून दोन मोठी तांब्याची तपेली आणली. एका लॉरीवाल्यानं ती पोलादपूरपर्यंत आणून सोडली आणि तिथून बांबूला बांधून पोरांनी वर चढवली. त्याआधी लग्न निघालं की भांड्यांसाठी चार वाड्या फिराव्या लागत. आता शाळा देणार. पण मास्तर हुशार. ते महाडकडचे, बोलणं मऊ, पण सोडून देणारे नव्हेत. त्यांनी गावकीकडून एक रीत ठरवून घेतली. तपेलं घराला नाही, शाळेतल्या मुलाच्या नावावर द्यायचं. एका नावावर एकदाच. पोर शाळेतून काढलं की त्या घराचा हक्क गेला. त्या वर्षी अर्ध्यावर उठलेली किती पोरं परत शाळेत बसली म्हणून सांगू. माझा भाऊ तेव्हा चालायला लागला होता फक्त.

रीत पडली की तिला फांद्या फुटतात. तपेलं न्यायचं तर पोरांनीच न्यायचं, आणि ज्याच्या नावावर ते निघालं त्यानं झाकण डोक्यावर घेऊन पुढं चालायचं. वाटेत ते खाली ठेवायचं नाही. ज्या दारात टेकलं तिथं शिजल्याशिवाय तिथून उचलायचं नाही. रिकामं तपेलं दारातून परत गेलं तर त्या घराला आणि शाळेला दोघांनाही वाईट. आणि लग्न ज्या घरचं त्यानं पुढच्या लावणीत शाळेच्या खाचराला एक दिवस द्यायचा. तोही घरातल्या कुणीही नव्हे, ज्याचं लग्न झालं त्यानंच.

माझं लग्न ठरलं ते बिरवाडीकडच्या घरात. मोठं गाव, मोठी भावकी, नि नवरा रेल्वेत, लांब परराज्यात. त्यांना रजा मोजकी, म्हणून मुहूर्त ठरला तो ठरला. पुढं ढकलायची सोय नव्हती. त्याच दिवशी खालच्या दोन वाड्यांत लग्नं निघाली होती, त्यामुळं तिथली भांडी अडकलेली. वडील दोनदा पोलादपूरला जाऊन हात हलवत आले. शाळेची तपेली कोनाड्याशी पालथी पडलेली, आणि आमच्या घरातलं एकही नाव शाळेत नाही. वऱ्हाड जेवायला बसणार आणि भात घमेल्या-घमेल्यानं चार ठिकाणांहून येणार, अर्धा कच्चा नि अर्धा करपलेला, हे चित्र मला झोपेत दिसायचं. बिरवाडीकरांना कळणार होतं की या घरात शाळेची तपेली येत नाहीत. का येत नाहीत, तर नवरी तिसरीतून उठली.

गावकी बसली त्या संध्याकाळी वडील पडवीच्या कडेला बसून होते. मागायला गेले होते, पण तोंड उघडेना. ती तेव्हा सातवीत होती, महाडला फायनलच्या परीक्षेला बसणार होती, कंदिलात तेल घालायला आली होती. वडिलांनी नंतर आम्हाला जसं सांगितलं तसं सांगते. ती मास्तरांना म्हणाली, माझ्या नावावरचं तपेलं माझ्या बहिणीच्या लग्नाला द्या. मास्तर म्हणाले, एका नावावर एकदाच मिळतं, तुझ्या वेळी मिळणार नाही. ती म्हणाली, ठाऊक आहे. मग त्यांनी विचारलं, घरी विचारलंस का. त्यावर ती म्हणाली, "नाव माजं हाय."

वडील सांगता सांगता रडले. आई भिंतीला धरून उभी होती, तिनं तिथूनच वईकडं हात जोडले. आणि मी? मला सुटल्यासारखं झालं हे खरं. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते पोटात मिरची पडावी तसं होतं. तिच्याकडं द्यायला काहीतरी होतं. माझ्याकडं फक्त घ्यायचं होतं.

काकीनं ते ऐकलं आणि वईच्या पलीकडून आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात तिला दिवसभर फैलावर घेतलं. "तुज्या लग्नात काय करवंटीत शिजवू गो भात? का मास्तर देतील शाळेची घंटा पालथी करून?" त्यावर ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. काकीच पुन्हा म्हणाली, "हस. हस मेली. दात तरी हायत तुजे."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर तपेलं निघालं. मला हळद लागली होती, म्हणून मी आतून खिडकीच्या गजांतून पाहत होते. पुढं ती. डोक्यावर तांब्याचं ते भलंमोठं झाकण, त्यावर ऊन, तिचं तोंडही धड दिसत नव्हतं. मागं बांबूला बांधलेलं तपेलं नि त्याला खांदा लावलेली पोरं. बायका दारादारांतून बाहेर आल्या. लग्न माझं होतं, पण ज्याच्याकडं सगळं गाव वळून बघत होतं ती ती होती. मला आठवतं, माझे हळदीचे हात मी गजांना घट्ट धरले होते आणि गज पिवळे झाले.

आमच्या दोन घरांपाशी वाट फुटते. उजवीकडं आम्ही, डावीकडं ते, मध्ये वई. ती न थांबता डावीकडं वळली. पोरांचं काय, ज्याचं नाव त्याचं दार, एवढंच त्यांना ठाऊक. पोरं तिच्यामागून गेली आणि त्यांनी धापा टाकत तपेलं काकीच्या अंगणात टेकवलं.

क्षणभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग एका बाईनं तोंडावर हात ठेवला. टेकलं म्हणजे टेकलं. आता शिजल्याशिवाय उचलायचं नाही, आणि लग्न वईच्या अलीकडं. मला वाटलं, तिनं दिलं आणि तिच्याच दारानं ते परत घेतलं.

काकी केरसुणी हातात घेऊन ओटीवर उभी होती. ती म्हणाली, "ह्ये काय? लगीन तिचं नि चूल माजी?"

ती झाकण डोक्यावरून उतरवत म्हणाली, "चुकलं. पण आता टेकलंय. हितंच शिजू दे."

गावकीतला सगळ्यात म्हातारा माणूस तपेल्यामागून काठी टेकत आला होता. तो काकीला म्हणाला, "वयनी, दारात आलेलं तपेलं रिकामं धाडलं, असं या गावात अजून कुणी केलं नाय. तू करणार असशील तर सांग, म्हंजे आमी बघून ठेवतो."

काकीनं केरसुणी भिंतीला टेकवली. तिनं तपेल्याकडं पाहिलं. एवढं मोठं भांडं तिच्या अंगणात पहिल्यांदाच आलं होतं, आणि साऱ्या गावासमोर आलं होतं. मग तिनं वईच्या अलीकडं उभ्या असलेल्या माझ्या वडिलांकडं पाहिलं. दोन हातांवर होते ते. पण बोलली ती मुलीशी. "भावोजींना सांग, तांदूळ वईवरनं फेकू नका म्हणावं. वाट करा."

काका आतून कोयता घेऊन आले. त्यांनी पहिला बंद तोडला, वडिलांनी दुसरा. काकांनी फक्त एकदा, सांभाळा, खिळा आहे, असं म्हटलं, ते वडिलांना की वईला कोण जाणे. काढलेल्या कारवीवरच चूल पेटली. दुसऱ्या दिवशी भात काकीच्या दारात शिजला, पंगत आमच्या दारापर्यंत बसली, आणि वाढायला काकी स्वतः फिरत होती, पदर खोचून. बिरवाडीच्या बायकांना ती सांगत होती की आमच्या घरचं लग्न आहे, लाजू नका, पोटभर जेवा. भात मोकळा झाला होता. एक शीत करपलं नव्हतं.

वऱ्हाडातल्या एका म्हातारीनं तिच्याकडं बोट दाखवून विचारलं, ही कोण गो गुणाची. माझी चुलतबहीण, असं मी सांगितलं. म्हातारी म्हणाली, अशी असावी. माझ्या कपाळाला मुंडावळ्या होत्या आणि मला वाटलं, नवरी कोण आहे इथं.

निघताना मी तिला एवढंच विचारलं की मुद्दाम वळलीस ना तिकडं. ती म्हणाली, "रोजची सवय गो. पाय घराकडं गेले." आणि माझी पोत नीट केली. ते खोटं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. वडिलांनी मागून मिळालं नसतं, काकांनी दिलं नसतं, ते तिनं झाकणाखाली तोंड लपवून एका वळणात करून टाकलं. मला असं काही सुचलं असतं का? शाळेत राहिले असते तर सुचलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता तेही खात्रीनं सांगत नाही.

मी इटारसीला आले. इथं अक्षरं तीच निघाली, भाषा तेवढी परकी. स्टेशनावरच्या पाट्या वाचत वाचत माझं तिसरीचं वाचन पुढं सरकलं. माझ्या मुलीला शाळेत घातलं ती पक्क्या विटांची होती. सुटली की फाटकाला कुलूप. एकदा मी तिथल्या बाईंना विचारलं, संध्याकाळी इथं कोण येतं. त्या म्हणाल्या, चौकीदार. मी घरी येऊन उगाच रडले.

भाऊ मोठा होऊन पहिल्यांदा इथं आला तेव्हा त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की माझ्या लग्नानंतरच्या लावणीत शाळेच्या खाचराला माझा दिवस द्यायचा राहिला होता, कारण मी इथं होते. आई म्हणाली मी जाते, पण तिला वाकता कुठं येत होतं. तेव्हा चुलतबहिणीनं आपली ओळ लावली, बांधावर चढली, आणि पुन्हा खाली उतरून माझ्या नावानं दुसरी लावली. दुसरी गोष्ट तिच्या लग्नाची. ती फायनल पास झाली, त्याच शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायला लागली, आणि खोऱ्यातल्याच एकाशी तिचं लग्न ठरलं. मास्तर म्हणाले, या एका वेळी रीत बाजूला ठेवू. ती नको म्हणाली. मग पोरांना काय सांगू, म्हणाली. शाळेची तपेली कोनाड्यातच राहिली. पण लग्नाच्या सकाळी ज्या त्या घरातली बाई आपल्या घरातलं सगळ्यात मोठं पातेलं आणि आपल्या चुलीतलं लाकूड घेऊन आली. अंगणभर चुली. भाऊ हसत सांगत होता की भात कुठं पिवळा, कुठं चिकट, कुठं धुरकट, आणि काकी प्रत्येक पातेल्यातली चव घेऊन नावं ठेवत फिरत होती, फार खुशीत.

मी ऐकत होते. माझं एका तपेल्यात शिजलं, तिचं सगळ्या गावाच्या पातेल्यांत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मधून मधून मी माहेरी जाते, पण नेहमी मे महिन्यात. मुलांची सुट्टी, यजमानांची रजा, सगळं उन्हाळ्यातच. छपराला आता कौलं आहेत. ती पडवीत बसलेली असते, भोवती पोरं, आणि गेल्याबरोबर म्हणते, ये, बस, पेज घे. मी घेते. गरम असते. तिला शाळाही मिळाली आणि गावही मिळालं, आणि तिच्या हातची पेज पिताना मी हेच मनात मोजत बसते. तिला ते कळतं की नाही, देव जाणे. कळत असेल. तिला वळणं कळतात. गेल्या खेपेला खाचराकडं बघत मी म्हटलं, माझा दिवस तू दिलास. तर म्हणाली, "कधीचं काय घेऊन बसलीस गो. चिखल धुवून गेला."

नाही गेला. बाई, ऐक. माझे सांधे आईच्या वळणावर जातील याची मला धास्ती आहे, म्हणून फार उशीर करणार नाही. कंबर अजून वाकते. यजमानांची रजा उन्हाळ्यात खर्चणार नाही एका वर्षी. मी एकटी येईन, गाडीची भीती वाटली तरी येईन, आषाढात, शाळेच्या लावणीला. माझी ओळ मी लावीन. मग पुन्हा उतरून तुझी लावीन. तेव्हा तू वाकायचं नाहीस. बांधावर बसायचं नि माझी ओळ वाकडी जाते का ते बघायचं.